'विंडो' हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

प्रश्न: मुलीला सहावीचं इंग्रजी शिकवताना अडलो. जर्मन 'फेन्स्टर' आणि फ्रेंच 'फनेत्र' हे लॅटिन 'फेनेस्ट्रा'वरून आले. मग 'विंडो' कुठला?

प्रतिसाद १: व्हायकिंगांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या दर्यावर्दी लोकांचा! त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. त्यांच्या घरांना काचा कुठल्या? छपरालाच भोक, चुलीचा धूर तिथून बाहेर आणि उजेड आत. 13व्या शतकात शब्द इंग्रजीत रुजलेला दिसतो.

प्रतिसाद २: त्याआधीचा इंग्रजी शब्द 'एगथिर्ल', डोळ्याचं भोक. 'फेनेस्टर'ही इंग्रजीत 16व्या शतकापर्यंत चालला, मग मागे पडला.

प्रश्नकर्ता: वा! आपलं 'गवाक्ष'ही गो अधिक अक्ष, गाईचा डोळा. इतक्या लांबच्या लोकांनाही भिंतीत डोळाच दिसावा, फार आवडलं. उद्याच सांगतो तिला. आता 'खिडकी'चं मूळही कुणीतरी सांगा.