सागवानी कपाटे आणि काळा ओटा: डॅडोच्या टाइल्सचा रंग कोणता घ्यावा?

प्रश्न
पुण्यातील आमच्या जुन्या सदनिकेच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण सुरू आहे. सागवानी कपाटे भक्कम असल्यामुळे ती घासून नव्याने पॉलिश करून घेणार आहोत आणि काळ्या ग्रॅनाइटचा ओटाही तसाच राहणार आहे. बदलायच्या आहेत त्या फक्त ओट्यामागच्या डॅडोच्या टाइल्स. सासूबाईंना बदामी रंग हवा आहे, मुलीला निळसर राखाडी, आणि दुकानदार लाकडी नक्षीच्या टाइल्सचा आग्रह धरतो आहे. खोलीला एकच खिडकी असून ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. लाकूड खुलून दिसावे, परंतु खोली अंधारी वाटू नये, यासाठी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
लाकडी नक्षीचा विचार सोडून द्यावा. खऱ्या सागाच्या शेजारी छापील रेषा लगेच उघड्या पडतात. निळसर राखाडीबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो. पॅरिसच्या गोबलँ या विणलेली भित्तिचित्रे बनवणाऱ्या कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तसे भासते, असे त्यांना आढळले. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे दिसणे बदलतात, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. आपल्या बाबतीत तोच नियम उलट बाजूने लागू होतो: सागाचा रंग पिवळट-नारिंगीकडे झुकणारा आणि निळा हा नारिंगीचा विरोधी रंग, त्यामुळे निळसर टाइलशेजारी कपाटे आहेत त्याहून अधिक नारिंगी दिसतील. कोणाला ते आवडेलही, पण पॉलिश गडद असेल तर मला ते भडक वाटते. राखाडीच हवा असल्यास मातकट छटेचा घ्यावा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, परंतु बदामीतही एक अडचण आहे. बदामी जर मध्यम गडद असेल, तर टाइल आणि साग यांच्या उजळपणात फरक उरत नाही आणि सगळी भिंत एकसारखी तपकिरी दिसू लागते. डक्टकडच्या खोलीत मोतिया किंवा सायीसारखा पांढरा रंगच घ्यावा. त्याने सासूबाईंचा उबदारपणाही राखला जाईल. रंगाची हौस असल्यास फिकट शेवाळी हिरवा सागाला शोभतो. दिव्यांकडेही लक्ष द्यावे, कारण ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली लाकूड निस्तेज दिसते. ३००० ते ४००० केल्विनचे दिवे बरे.

प्रतिसाद ३
रंगाइतकेच महत्त्व सांध्यांना आहे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सिमेंटच्या पांढऱ्या ग्राउटवर (सांधे भरायच्या मिश्रणावर) फोडणीतले तेल आणि हळद बसली की ते डाग सहजासहजी निघत नाहीत. शेगडीमागे तरी इपॉक्सी (राळेचे) ग्राउट वापरावे आणि ते टाइलपेक्षा किंचित गडद छटेचे घ्यावे. सर्व खोकी एकाच बॅचची आहेत ना, हे पाहून मगच माल उचलावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोतिया आणि शेवाळी असे दोन नमुने मागवते. ते कपाटांना आता आहे त्या रंगाशीच जुळवून पाहिले तर चालेल का?

प्रतिसाद २
नाही. जुने पॉलिश घासून काढल्यावर साग बराच उजळ निघतो आणि नव्या पॉलिशने पुन्हा वेगळी छटा येते. म्हणून आधी एकच शटर (कपाटाचे दार) पूर्ण पॉलिश करून घ्यावे आणि नमुने ओट्यामागे उभे टेकवून दिवसा, तसेच रात्री दिवे लावून पाहावेत.