मांजरीच्या कुशीवरचा काळा चौकोन: यात जनुकं किती आणि थंडी किती?

बुगडीची_आई

शीर्षक वाचून हसू नका, प्रश्न खरा आहे.

माझ्याकडे एक सयामी मांजर आहे, बुगडी. अंग सायीच्या रंगाचं. कान, तोंड, पावलं आणि शेपूट गडद तपकिरी. चार महिन्यांपूर्वी तिची नसबंदी केली. त्यासाठी डाव्या कुशीवरचे केस मशीनने काढले होते, साधारण पत्त्याच्या पानाएवढा चौकोन. टाके सुकले, केस परत आले, पण आले ते काळपट! कडा इतक्या सरळ की कुणीतरी पट्टी ठेवून रंगवल्यासारखं दिसतं. मला आधी वाटलं जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, "सयामीत होतं असं, थंडीमुळे," आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

थंडीमुळे म्हणजे काय? केसांचा रंग आईबापांकडून येतो एवढंच मला ठाऊक होतं. दोन-तीन रात्री वाचत बसले आणि गोंधळ आणखी वाढला. एकीकडे म्हणतात, मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली हे साफ चूक. दुसरीकडे म्हणतात, सजीव परिस्थितीशी जुळवून घेतात आणि त्यातून उत्क्रांती होते. अहो, इथे माझ्या डोळ्यांदेखत मांजर परिस्थितीप्रमाणे रंग बदलून बसलीय!

तर प्रश्न दोन. या चौकोनात जनुकांचा वाटा किती टक्के आणि वातावरणाचा किती? आणि समजा सयामी मांजरी हजार पिढ्या थंडीत राहिल्या, तर त्या कायमच्या काळ्या होतील का? बुगडीला आता पिल्लं होणार नाहीत, तेव्हा घरच्या घरी प्रयोग करा असं सुचवू नका.

उंदीरवाला

ताई, मी तेरा वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीवर आणि केसांवर काम केलं, त्यामुळे हा चौकोन वाचून फार बरं वाटलं. फोटो टाका ना.

आधी तो कसा झाला ते. केसांत काळा रंग भरायला मेलॅनिन लागतं आणि मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. सयामीच्या या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा फरक आहे. त्यापायी प्रथिनाच्या साखळीत एके ठिकाणी ग्लायसीन या कडीच्या जागी अर्जिनीन ही दुसरी कडी बसते. बास, एवढंच. पण तेवढ्याने एन्झाइम उष्णतेला हळवं होतं. मांजराच्या अंगात ३८-३९ अंश ऊब असते. त्या उबेत ते जवळजवळ निकामी. कानांची पाळी, नाक, पावलं, शेपूट हे भाग धडापेक्षा गार, तिथे ते काम करतं. म्हणजे बुगडीच्या अंगावरचे रंग हा तिच्या कातडीच्या तापमानाचा नकाशाच आहे. सयामी पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास पांढरीफटक असतात, कारण आईच्या पोटात कानही गरम आणि शेपूटही गरम.

मशीन फिरलं, कातडी उघडी पडली, तिथलं तापमान उतरलं. त्या दिवसांत उगवलेल्या केसांत रंग भरला गेला. १९३० मध्ये इलिन या रशियन संशोधकांनी सयामी मांजरांचे केस भादरून, त्यांना गारठ्यात ठेवून हेच मुद्दाम करून पाहिलं होतं. तुमच्याकडे ते फुकटात झालं.

आता टक्के. दुसऱ्या एखाद्या पांढऱ्या मांजरीची कूस भादरली असती तर चौकोन उठला नसता. बुगडीची भादरली नसती तरी उठला नसता. दोहोंतलं एक काढलं की उरतं शून्य. टाळी एका हाताने वाजत नाही हे आपण सगळेच म्हणतो, आणि लगेच डाव्या हाताचा आवाज किती टक्के असंही विचारतो! टक्के काढतात, नाही असं नाही, पण ते एका मांजरीचे नसतात. शंभर मांजरींत रंगाचा जो फरक दिसतो, त्यातला किती फरक त्यांच्या जनुकांतल्या फरकामुळे आहे, असा तो हिशेब असतो. त्यातही त्या शंभर मांजरी उचलून दुसऱ्या हवेत ठेवल्या की आकडा बदलतो. "अमुक गुण ६० टक्के आनुवंशिक" असं वाचलं की मी पान उलटतो.

तुमचा खरा घोळ "जुळवून घेणं" या शब्दाने केलाय. परिस्थिती दोन निराळी कामं करते आणि आपण दोन्हींना हाच शब्द वापरतो. पहिलं काम एका जिवाच्या आयुष्यातलं: जनुकं तीच, पण गार हवेत रूप एक, उबेत दुसरं. दुसरं काम पिढ्यांमधलं: कोण तगलं, कोणाला जास्त पिल्लं झाली. दुसऱ्या कामात एकही प्राणी बदलत नाही. बदलते ती टोळी.

माझे आवडते उंदीर अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात राहतात, रॉक पॉकेट माऊस. वाळूवरचे उंदीर वाळूच्या रंगाचे. मधेच जुन्या लाव्हाचे काळे पट्टे आहेत, त्यांवरचे उंदीर काळे. बघणाऱ्याला वाटेल, खडकावर राहून राहून काळे झाले. पण वाळूवरचा उंदीर काळ्या खडकावर सोडला तर तो मरेपर्यंत वाळूच्या रंगाचाच राहतो, आणि बहुधा लवकर मरतो, कारण घुबडाला तो लगेच दिसतो. २००३ मध्ये ॲरिझोनातल्या काळ्या उंदरांच्या एमसी१आर या रंगाच्या जनुकात रंग गडद करणारे बदल सापडले. खडकाने तो बदल घडवला नाही. बदल आपोआप, चुकून झाला. खडकाने फक्त तो बदल असलेल्या उंदराला लपवलं.

यातला मला सर्वांत भावलेला भाग पुढे आहे. न्यू मेक्सिकोतल्या लाव्हावरही तसेच काळे उंदीर आहेत, दिसायला अगदी सख्खी भावंडं, पण त्यांच्या एमसी१आरमध्ये हे बदल नाहीतच! त्यांचा काळा रंग दुसऱ्याच जनुकांतून आलाय. घुबडाला जनुक दिसत नाही, पाठ दिसते. एकाच गरजेला दोन ठिकाणी दोन निराळी उत्तरं साठली. विविधता म्हणतात ती बरीचशी अशीच, डोळ्यांना न दिसणारी असते.

निवृत्त_मास्तर

हजार पिढ्यांचं उत्तर एका शब्दात: नाही.

वाइजमान नावाच्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात उंदरांच्या पाच पिढ्यांच्या शेपट्या कापल्या. त्यांना ९०१ पिल्लं झाली, सगळी शेपटीसकट. शरीरावर जे घडतं ते बीजपेशींत (अंडं आणि शुक्राणू) उतरत नाही. चौकोन हा बुगडीचा, बुगडीबरोबर जाणार.

अर्थात हा प्रयोग मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवला आणि एका वर्षी नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण शेपूट कापून घ्यायची उंदराला गरज कुठे होती?" मी तिला खाली बसवलं. घरी गेल्यावर लक्षात आलं की पोरीचं बरोबर होतं. लामार्क (जिराफाच्या मानेची ती कल्पना त्याचीच) वापराबद्दल आणि गरजेबद्दल बोलत होता, कात्रीबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. तरीही उत्तर नाहीच.

प्रश्नचिन्ह_७

मास्तर, हे जुनं झालं हो. एपिजेनेटिक्स नावाची गोष्ट आहे, म्हणजे जनुकांची अक्षरं न बदलता ती चालू किंवा बंद होणं. २००३ च्या एका प्रयोगात गाभण उंदरिणींना फॉलिक ॲसिड, बी१२, कोलीन वगैरे जास्त दिलं तर पिवळ्याऐवजी तपकिरी पिल्लं जास्त झाली. जनुकांची अक्षरं तीच! म्हणजे आईच्या परिस्थितीचा परिणाम पिल्लांच्या रंगावर झाला की नाही? मग लामार्क परत आलाच की.

उंदीरवाला

प्रश्नचिन्ह, ते उंदीर ओळखीचे आहेत. त्यांच्या अगूटी या केसांच्या रंगाच्या जनुकाच्या तोंडाशी एक उडतं जनुक (जागा बदलत फिरणारा डीएनएचा तुकडा) येऊन अडकलंय. त्यावर मिथाइलचे गट (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) जास्त बसले तर ते गप्प राहतं आणि उंदीर तपकिरी होतो; कमी बसले तर पिवळा आणि लठ्ठ. आईच्या आहाराने हे गट वाढतात, मान्य. पण पुढे त्याच संशोधकांच्या गटाने पिढ्यान्‌पिढ्या तोच आहार देऊन पाहिला, २००७ मध्ये ते छापून आलं. परिणाम पिढीमागून पिढी साठत गेला नाही. उत्क्रांतीला साठवण लागते. एका पिढीची उधारी वेगळी आणि वारसा वेगळा.

पण मास्तर, तुमचं सपाट "नाही" मला पुरतं पटत नाही. तुम्हाला वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाच्या माश्या आठवत असतील. विसाव्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट. त्याने फळमाशीचे कोष काही तास ४० अंशांत ठेवले. काही माश्यांच्या पंखावरची एक आडवी शीर उमटलीच नाही. त्या माश्या निवडल्या, त्यांची पैदास केली, पुढच्या पिढीच्या कोषांना परत उष्णता, परत निवड. चौदाव्या पिढीच्या सुमाराला उष्णता न देताही शीर नसलेल्या माश्या निघू लागल्या!

वरवर पाहिलं तर उष्णतेने कमावलेला गुण वारशात आला. पण तसं नव्हतं. सगळ्या माश्या जनुकांनी जवळपास एकसारख्या असतील, अशा वंशावर हे जमत नाही. मूळच्या माश्यांतच शीर थोडी डळमळीत करणारे बारीकसारीक फरक विखुरलेले होते. साध्या हवेत ते कधी दिसलेच नसते. उष्णतेने त्यांना उघडं पाडलं, निवडीने त्यांना एकत्र आणलं. पुरेसे एकत्र आल्यावर उष्णतेची गरज उरली नाही.

म्हणून ताई, तुमच्या हजार पिढ्यांचं उत्तर असं. नुसती थंडी पडली आणि सगळ्या मांजरींना सारखीच पिल्लं झाली, तर काही होणार नाही. उबेत आणलं की पिल्लं पुन्हा सायीसारखी. पण सगळ्या सयामी सारख्याच गडद होत नाहीत. कुणाचे केस विरळ, कुणाच्या कातडीला रक्तपुरवठा कमी. या फरकांमागे जनुकं असतील, आणि थंडीत गडद असण्याचा काही फायदा असेल, शिकार साधणं म्हणा, उन्हात लवकर ऊब मिळणं म्हणा, तर ते फरक साठत जातील. मग कधीतरी उबेतही काळी राहणारी मांजर निघू शकेल. थंडी दोन्ही कामं करेल, पण रंग वारशात जाईल तो दुसऱ्या कामामुळे.

शेवटचं एक, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. परिस्थितीला प्रतिसाद कसा द्यायचा हेसुद्धा जनुकांतच असतं आणि त्याचीही निवड होते. उत्तर अमेरिकेतला स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा होतो. त्याला बर्फ पाहून पांढरं व्हायचं कळत नाही, तो दिवस लहान झाल्यावर होतो. बर्फ उशिरा पडलं तर तपकिरी जमिनीवर पांढरा ससा कापसाच्या बोळ्यासारखा बसलेला असतो, आणि मग लिंक्स या रानमांजराची चंगळ. पण पॅसिफिक किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ मुळात कमी, तिथले पुष्कळ ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. २०१८ मध्ये कळलं की हा फरक पुन्हा अगूटीच्याच परिसरात आहे, आणि तो तुकडा जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीकडून आलाय, फार पूर्वी झालेल्या संकरातून. म्हणजे बदल स्वतःच्या वंशात घडायची वाट पाहावी लागली नाही, तो शेजाऱ्याकडून मिळाला.

ताई, एक करून पाहा. चौकोनातला गळलेला एखादा केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. टोक आणि मूळ एकाच रंगाचं आहे का?

निवृत्त_मास्तर

वॉडिंग्टन मान्य. "नाही" मागे घेतो, त्या जागी "आपोआप नाही" असं वाचावं.

बुगडीची_आई

पाहिला! ब्रशमधून सात केस काढले. पाच केसांचं टोक काळपट आणि मुळाकडचा भाग फिकट. दोन सरसकट गडद. म्हणजे केस वाढत गेले, त्यांनीच कातडी झाकली, खाली ऊब परत आली आणि रंग भरणं थांबलं, असंच ना? एका केसावर चार महिन्यांचं तापमान लिहून ठेवलेलं आहे असं वाटलं. भिंग घेऊन अर्धा तास बसले होते, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजायच्या राहिल्या.

टक्क्यांचा प्रश्न मागे घेते. "जुळवून घेणं" हे मात्र कुणीतरी पाठ्यपुस्तकात दोन शब्दांत वेगळं करायला हवं होतं. मी चाळीस वर्षं एकच समजत होते.

चौकोन पुढच्या केसगळतीत गेला तर कळवते. मुलगा विचारतोय, पुढच्या वेळी मशीनने तिचं नाव कोरलं तर काळ्या अक्षरांत उमटेल का. उंदीरवाले दादा, कृपा करून हो म्हणू नका.

उंदीरवाला

अक्षरं ठळक काढावी लागतील. बारीक रेघेला शेजारचे केस ऊब देतात.