पस्तिशीपुढचे चॅम्पियन विशीतल्या पोरांपुढे नेमके कुठे कमी पडतात?

कुमठानाका_बेसलाइन
नमस्कार मंडळी. २०२५ मध्ये टेनिसपटू जोकोविच चारही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोचला आणि चारही वेळा तिथेच अडकला. मेलबर्नला झ्वेरेव्हविरुद्ध पहिल्या सेटनंतर दुखापतीने सोडून द्यावं लागलं. पॅरिस आणि विम्बल्डनला सिनरने, न्यूयॉर्कला अल्काराझने, म्हणजे विशीतल्या पोरांनी, एकही सेट न देता बाहेर काढलं. ‘वय झालं, पाय चालेनात’ एवढ्यावर लोक विषय संपवतात, ते काही पटत नाही. पाय चालत नसते तर चार उपांत्य फेऱ्या कुठून आल्या?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खरं कमी काय होतं? आणि त्यातलं पंचेचाळिशीपुढच्या क्लब खेळाडूला काय घेता येईल? सोलापुरात खुल्या गटात नाव दिलं की समोर सतरा-अठराची पोरं येतात. पहिली सर्व्हिस चुकल्यावर जी दुसरी, हळू सर्व्हिस टाकतो, तिच्यावर सरळ हाणतात, चुकलं तरी पुन्हा हाणतात. कोर्ट सिमेंटचं, आणि मॅच सकाळी नऊनंतर लागली की ऊन डोक्यावर.

टप्प्याआधी
पायांचा वेग कमी होतोच, पण खरी घट होते ती थकवा भरून निघण्यात. न्यूयॉर्कचा स्कोअर बघा : ६-४, ७-६, ६-२. दुसऱ्या सेटनंतर अंगात काही उरलं नव्हतं, हे जोकोविचने स्वतःच सांगितलं. आता २००१ ची यूएस ओपन फायनल घ्या. तिशीतला सॅम्प्रास, समोर २० वर्षांचा ह्युइट : ७-६, ६-१, ६-१. तेव्हा तिथे पुरुषांची उपांत्य फेरी शनिवारी आणि फायनल रविवारी असायची. आदल्या दिवशी सॅम्प्रास साफिनशी खेळलेला, त्याआधी अ‍ॅगासीशी चारही सेट टायब्रेकला गेलेले. आधी अटीतटीचा सेट आणि मग एकदम घसरण, ही खूण दोन्हीकडे सारखी आहे.

उलट बाजूला २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक. जोकोविच ३७ चा, जूनमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, जुलैत विम्बल्डनच्या फायनलमध्ये अल्काराझकडून ६-२, ६-२, ७-६ मार खाल्लेला. ४ ऑगस्टला त्याच अल्काराझला ७-६, ७-६ हरवलं. पूर्ण मॅचमध्ये एकानेही स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावला नाही. फरक काय? मॅच जास्तीत जास्त तीन सेटची होती, ग्रँड स्लॅमसारखी पाचची नाही. आपल्या क्लबच्या मॅचही फार तर तीनच सेटच्या असतात, म्हणजे तुमचा हिशेब त्याच्यापेक्षा सोपा आहे काका.

आता कोर्टवरचं :

सर्व्हिस पाऊणपट जोराने मारा, पण दहातल्या सात पहिल्या सर्व्हिस आत पडल्या पाहिजेत. पोरगा दुसऱ्या सर्व्हिसवर तुटून पडतो ना, मग त्याला दुसरी सर्व्हिस दाखवायचीच कशाला? निम्म्या सर्व्हिस अंगावर, उजव्या खिशाच्या रोखाने. लांब हातपाय असलेल्या पोराला बाजूचा बॉल आवडतो. अंगावर आलेल्या बॉलला त्याला आधी जागा करावी लागते आणि रिटर्न, म्हणजे परतीचा फटका, आखूड पडतो.

रॅलीत बॉल तिरकाच ठेवा. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, खांबापाशी १०७. कर्णात कोर्ट सुमारे १.४ मीटर जास्त लांब मिळतं. सरळ रेषेत मारताना नेट उंच, कोर्ट आखूड, दोन्ही तुमच्या विरुद्ध. सरळ मारायचं ते फक्त तुम्ही बेसलाइनच्या आत असताना.

स्लाइस बॅकहँड (बॉल खालून कापत मारलेला) नेटवरून दोन वीत, त्याहून वर नको. सगळ्यांचं चुकतं ते इथेच : रॅकेटचं तोंड जास्त उघडं राहतं, बॉल तरंगतो आणि पोरगा दोन पावलं पुढे येऊन संपवतो. खाली बसलेला स्लाइस मात्र त्याला गुडघ्याखालून उचलावा लागतो, आणि वेस्टर्न ग्रिपवाल्यांना (मुठीखाली तळवा ठेवून रॅकेट धरणाऱ्यांना) ते सर्वांत जड जातं.

गड्डा_टॉपस्पिन
‘निडर’ या शब्दाला फार भाव देऊ नका. पोरगा हाणतो कारण चुकल्याची किंमत त्याच्या लेखी कमी असते. ती वाढवायची. १५-३० किंवा ३०-४० ला त्याच्याकडून सलग तीन बॉल जास्तीचे खेळवून घ्या, बस्स. २००१ च्या विम्बल्डनला १९ वर्षांच्या फेडररने सॅम्प्रासला पाच सेटमध्ये हरवलं, ते काही अंधाधुंद हाणून नाही. दोन टायब्रेक झाले, पाचवा सेट ७-५. डोकं जाग्यावर होतं पोराचं.

आणि वयस्कराने फक्त बचाव करायचा, हेही चूक. २०१७ ला ३५ व्या वर्षी फेडररने मेलबर्न जिंकलं, ते बॅकहँड लवकर आणि सपाट मारून. नादालच्या उंच टॉपस्पिनला (पुढे फिरत उसळणाऱ्या बॉलला) खांद्यापर्यंत चढूच दिलं नाही.

टप्प्याआधी
बरोबर, पण फेडरर टायमिंगचा माणूस. साध्या खेळाडूने रिटर्नला एक मीटर मागे सरकलं तर सेकंदाचा साधारण तिसावा भाग मिळतो. कमी वाटतो, पण स्प्लिट स्टेप (फटक्याआधीची छोटी उडी) उशिरा पडणाऱ्याला तेवढाच लागतो. पाय टेकायचे ते समोरचा बॉल मारतो त्या क्षणी, बॉल नेटवर आल्यावर नाही.

गटिंगवाला
फेडरर २०१४ ला रॅकेटच्या ९० चौरस इंचांच्या हेडवरून (तारांच्या भागावरून) ९७ वर आला, हे कुणी सांगितलं नाही. जुन्या छोट्या हेडच्या रॅकेटला चिकटून बसलेले बरेच आहेत. ९८ ते १०० घ्या, मध्याबाहेर लागलेला बॉलही जरा खोल जातो.

गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा : पूर्ण पॉली (पॉलिएस्टरची कडक तार) लावू नका, कोपर जाईल. उभ्या पॉली ४७-४८ पाउंड ताणाने, आडव्या मल्टीफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) ५०. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बॉल उडतो, तेव्हा दोन्हीकडे एक पाउंड वाढवा. पॉली तुटत नाही म्हणून वर्षभर चालवतात. पंधरा-वीस तास खेळलं की ती मेलेली असते, मग माणूस जोर लावतो आणि कोपर धरून बसतो. उन्हात उभ्या गाडीत रॅकेट ठेवली तर एका दुपारीत ताण उतरतो.

कुमठानाका_बेसलाइन
झकास. दुसऱ्या सेटमध्ये पोटरीत गोळा येणाऱ्यांसाठी काही?

पोटरी_आणि_गुडघा
गोळा आणि फाटणं वेगळं. गोळा ताणल्यावर सुटतो. मागून कुणी दगड मारल्यासारखी कळ आली की पोटरीचा आतला स्नायू फाटला असं धरून चाला. चाळिशीपुढच्या टेनिसवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. तिथेच थांबायचं, मालिश करायची नाही, बर्फ आणि दाबपट्टी, मग डॉक्टर. ‘सेट संपवून बघू’ केलं की तीन आठवड्यांचे दोन महिने होतात.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करा. पायरीच्या कडेवर दोन्ही पायांनी टाच वर, मग एकाच पायावर भार देऊन सावकाश खाली. प्रत्येक पायाला १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा. स्पर्धेच्या आठवड्यात बंद, नाहीतर पाय भरून येतात.

पाणी : कडक उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा, बाटलीत अंदाजाने अर्धं टाकू नका. बाजू बदलताना १५० ते २०० मिली. नुसतं पाणी एकदम ढोसलं तर पोट जड होतं आणि मीठ भरून निघत नाही. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, नियमाचं. दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०. सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये बसायला मिळत नाही, ते धरून चाला. रिसीव्हरला सर्व्हरच्या रास्त वेगाने खेळावं लागतं. म्हणून पोरगा घाई करत असला तरी स्वतःच्या सर्व्हिसला टॉवेल, तीन खोल श्वास, मगच बॉल टप्पी. २५ सेकंद पूर्ण वापरा, २६ नको; अंपायर असेल तर आधी ताकीद, मग पुढच्या वेळी सर्व्हिसच चुकीची धरतात.