सगळे पेरतायत म्हणून आपणही?
"दहा जण पेरतायत म्हणजे काहीतरी बघूनच पेरत असतील" असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच पटतं. दहाही जणांनी आपापल्या रानातली ओल बघितली असेल तर ती दहा मतं. नऊ जण पहिल्याची तिफण बघून निघाले असतील तर मत एकच. बिखचंदानी, हर्शलायफर आणि वेल्च या अर्थतज्ज्ञांनी १९९२ साली हेच मांडलं होतं: पुढच्याचं बघून वागणं ज्याच्या-त्याच्यापुरतं शहाणपणाचंच असतं, पण त्यात स्वतःकडची माहिती दडून राहते आणि अख्खी रांग चुकू शकते.

आमच्याकडे सोयाबीनचं असंच झालं. मृगाची एक दणकून सर आली, एका जाणत्या माणसाने पेरलं आणि दोन दिवसांत शिवार उरकलं. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मलाही ते ठाऊक होतं, पण बांधापलीकडे पेरणी दिसली की धीर धरवत नाही हो! मग पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणी नशिबी आली. त्या जाणत्याच्या विहिरीला पाणी होतं, तुषार सिंचन लावून त्याने निभावलं. आमची सगळी कोरडवाहू.

बियाणं उगवेल का, हे मात्र कुणाला विचारायचं कारणच नाही. घरचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तरच्या खाली भरले तर एकरी बियाणं वाढवायचं.