गर्भपाताच्या गोळ्या घरी घेतल्या की दवाखान्यात? तुमचे अनुभव लिहा

या विषयावर आपल्याकडे सगळं कुजबुजतच चालतं, त्यामुळे जिच्यावर वेळ येते तिला धड काहीच माहिती नसते. नाव नका देऊ, पण सविस्तर लिहा. मी सुरुवात करते.

धाकटा दीड वर्षाचा आणि माझी पाळी चुकली. सोनोग्राफीत सहा आठवडे निघाले. डॉक्टरबाईंनी पहिली गोळी त्यांच्यासमोर घ्यायला लावली, बाकीच्या चार दोन दिवसांनी घरी घ्यायला सांगितल्या. शनिवार धरला, पोराला सासूबाईंनी सांभाळलं. आधी ब्रुफेन, मग त्या चार गोळ्या गालात अर्धा तास धरून ठेवायच्या, खडूसारखी चव, उरलंसुरलं पाण्याबरोबर गिळायचं. हुडहुडी भरली, जुलाब झाले, आणि मग पोटात अशा कळा की बाथरूमच्या भिंतीला धरून उभी होते, गाठी पडत होत्या. संध्याकाळी जोर ओसरला. आपलं बाथरूम, आपली गरम पाण्याची पिशवी शेकायला, नवरा हाकेच्या अंतरावर, मला घरीच बरं वाटलं.

*

मला घर नव्हतंच, मी पीजीत राहते, एका खोलीत तिघी आणि संडास मजल्याला एक. म्हणून क्लिनिकच. पहिल्या ठिकाणी नवऱ्याची सही मागितली, लग्न झालं नाही म्हटल्यावर आईवडिलांना आणा म्हणाले. मी 24 वर्षांची आहे! मुलींनो, अठरा पूर्ण असतील तर फक्त आपली स्वतःची संमती लागते, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही. दिवसभर झोपून होते, सिस्टर येऊन पॅड बघून जायच्या, संध्याकाळी मैत्रीण घ्यायला आली. त्या सिस्टर मला आयुष्यभर लक्षात राहतील.

*

आमचं मेडिकल आहे. महाराष्ट्रात बरेच दुकानदार हे किट ठेवतच नाहीत, तपासणी आणि रेकॉर्डचा ससेमिरा नको म्हणून. चिठ्ठी असूनही बाई चार दुकानं फिरते. मुलगी नको म्हणून याच गोळ्या घेतात असा संशय, पण आपल्याकडे या गोळ्यांना नऊ आठवड्यांपर्यंतच परवानगी आहे, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही. मग अडवून कोणाचं भलं होतं? मला मनापासून राग येतो याचा.

*

पण चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तर घेऊ नका. माझ्या नणंदेला कुणीतरी अशाच आणून दिल्या, सोनोग्राफी नाही. थोडं अंगावरून गेलं, तिला वाटलं झालं. गर्भ गर्भाशयात नव्हता, नळीत (बीजवाहिनीत) होता, नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालतच नाहीत. आठवड्याने एका बाजूला भयंकर दुखून चक्कर येऊन पडली, रात्रीतून ऑपरेशन, नळी काढावी लागली. वाचली ती.

*

मी इंग्लंडमध्ये असते. इथे कोविडपासून फोनवर बोलून गोळ्या पोस्टाने येतात, दहा आठवड्यांच्या आत असाल तर, आणि 2022 पासून ते कायमचं झालंय. माझी सोनोग्राफी झाली नाही, पण नर्सने फोनवर खोदून खोदून विचारलं, पाळीची तारीख नक्की का, एका बाजूला दुखतं का, तांबी बसवली होती का, आधी नळीत गर्भ राहिला होता का. यातलं काही असतं तर आधी स्कॅनला बोलावलं असतं. मध्यरात्री घाबरून फोन केला तेव्हा उचलणारं माणूस होतं, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

*

आमच्याकडे साताऱ्यात, वाडीवरून तालुका तासाभरावर, रात्री गाडी नाही. डॉक्टर म्हणाले, सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड चिंब भिजायला लागले तर ताबडतोब यायचं, तू कशी येणार? म्हणून चार गोळ्या तिथेच घेतल्या, आईला सोबत नेलं. माझा रक्तगट निगेटिव्ह म्हणून अँटी-डीचं इंजेक्शनही दिलं, हे निगेटिव्हवाल्यांनी विचारून घ्या. पंधरा दिवसांनी तपासलं तर थोडं राहिलं होतं, मला वाटलं आता क्युरेटिंग, पण परत गोळ्या दिल्या आणि त्यावरच गर्भपिशवी साफ झाली.