मदत हवी आहे: धातू तपासायला कालवं (ऑयस्टर) घेऊ की शिणाणे (मसल)?

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, रत्नागिरीच्या खाडीतलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त शिंपल्यांवरून बघायचंय. पाण्याचं सॅम्पल फक्त त्या क्षणाचं सांगतं, शिंपला मात्र एका जागी चिकटून महिनोन्‌महिने पाणी गाळतो आणि त्यातले धातू अंगात साठवतो म्हणून हा खटाटोप, अमेरिकेत १९८६ पासून मसल वॉच (शिंपल्यांवरून किनाऱ्याचं प्रदूषण बघायचा सरकारी कार्यक्रम) याच तत्त्वावर चालू आहे. आता अडचण अशी की कालवं जस्त-तांबं भरमसाट साठवतात आणि शिणाणे अंगातलं जस्त बऱ्यापैकी कंट्रोल करतात, मग दोघांचे आकडे एकत्र कसे लावणार? सर म्हणतात दोन्ही घे (त्यांना काय, चिखलात मी उतरणार). शिवाय पोटातला गाळ निघायला त्यांना स्वच्छ पाण्यात किती तास ठेवता? आणि कोकणात स्वस्तात एएएस (अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन, धातूंचं प्रमाण मोजायची पद्धत) टेस्टिंग कुठे होतं, प्लीज सांगा.