सई परांजपे: सिनेमाच्या आधीचा टीव्ही (वाचनालयात बोलायचं आहे, मदत हवी)

वाचनवेडी_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दर महिन्याला एका कर्तबगार बाईच्या कामावर कुणीतरी बोलतं. या खेपेला माळ माझ्या गळ्यात आली आणि मी उत्साहात सई परांजप्यांचं नाव देऊन बसले. 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' आमच्याकडे सगळ्यांचे पाहून झालेत. त्यावर बोलले तर गप्पा छान रंगतील, पण घरी जाताना कुणाच्या पदरात नवीन काही पडणार नाही. म्हणून त्यांच्या टीव्हीतल्या वर्षांबद्दल बोलायचं ठरवलंय. त्यांचं 'सय' हे आत्मकथन वाचायला घेतलंय.

दोन अडचणी. एक, आमच्या कार्यवाहांचा हट्ट आहे की फलकावर 'पहिल्या महिला टीव्ही दिग्दर्शक' असं लिहायचं, म्हणजे गर्दी होईल. लिहू का? दोन, टीव्हीचा दिग्दर्शक स्टुडिओत नेमकं काय करतो हे मलाच धड माहीत नाही, तर समोरच्यांना काय कपाळ सांगणार! पाऊण तास आहे. प्रोजेक्टर आहे.

खडीसाखर

'पहिल्या' लिहू नका हो. पुढच्या रांगेतले एखादे काका उठून 'कशावरून?' विचारतील आणि तुमचा पाऊण तास त्यातच जाईल. काम एवढं आहे की बिरुदाची गरज नाही. १९७२ साली त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या टेलिफिल्मला तेहरानला आशियाई प्रसारण संघाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला टीव्हीचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि उद्घाटनाचा कार्यक्रम करायला दिल्लीहून त्यांनाच आणलं. फलकावर एवढं पुरे.

आणि आजोबा रँग्लर परांजपे, आई शकुंतलाबाई यावर पंधरा मिनिटं घालवू नका. सगळे तिथेच अडकतात.

फ्लोअरवाली

खडीसाखर यांना दुजोरा. आजोबा दोन वाक्यांत उरका.

मी एका दूरदर्शन केंद्रावर फ्लोअर मॅनेजर (स्टुडिओत प्रोड्यूसरच्या सूचनेप्रमाणे कलाकारांना हलवणारी) होते, पण सईबाईंच्या बऱ्याच नंतर. त्यामुळे 'आम्ही बरोबर काम केलंय' छापाच्या बढाया मारणार नाही. त्या ज्या पद्धतीत घडल्या, तीच जरा सुधारून आमच्या वाट्याला आली, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं लिहिते.

सरकारी टीव्हीत 'दिग्दर्शक' अशी खुर्ची नव्हती. खुर्ची 'प्रोड्यूसर'ची. नाव भारदस्त, काम सगळं. विषय काढा, संहिता लिहा नाहीतर कुणाच्या मागे लागून लिहून घ्या, कलाकार जमवा, त्यांच्या करारावर सह्या घ्या, सेटवाल्याशी भांडा, तालमी घ्या आणि वेळ झाली की पॅनेलवर, म्हणजे कॅमेरे बदलायच्या बटणांपाशी, बसा. दिल्लीचं प्रक्षेपण १९५९ मध्ये सुरू झालं ते प्रायोगिक, आठवड्यातून दोनदा. रोजचं झालं १९६५ मध्ये. आणि १९७६ पर्यंत टीव्ही हे आकाशवाणीचंच पोटचं पोर होतं, माणसं, नियम, फायली सगळं रेडिओचं. सईबाई पुणे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये बाहेर पडल्या आणि पुढे दिल्लीच्या टीव्हीत. म्हणजे कान रेडिओनं तयार केलेला, रंगमंचावर माणसं कशी हलवायची ते इब्राहिम अल्काझी संचालक असतानाच्या त्या नाट्य विद्यालयात शिकलेलं. त्या वेळच्या टीव्हीला नेमकी याच दोन गोष्टींची गरज होती, कारण तिसरं काही नव्हतंच!

आता स्टुडिओ. नाटक थेट जायचं, टेप ही चैन होती. एका हॉलमध्ये दोन-तीन सेट शेजारी-शेजारी, जमिनीवर कॅमेऱ्यांच्या जाडजूड केबल, वर दिव्यांची भट्टी. प्रोड्यूसर वेगळ्या खोलीत, समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉनिटर. टॉकबॅकवर (हेडफोनच्या तारेवर) तिचा आवाज कॅमेरामनच्या आणि आमच्या कानात: 'टू, हातावर जा. अजून. थांब. कट टू. वन, तू दाराशी चल.' जो कॅमेरा हवेत आहे त्याच्याकडे लक्ष ठेवत दुसऱ्याला पुढचा शॉट लावून द्यायचा. एकदा 'कट' म्हटलं की ते घरोघरी पोचलं, माघारी घेता येत नाही.

खरी गंमत जागा बदलताना. बाई दिवाणखान्यातून निघून स्वयंपाकघरात दिसायला हवी. मधे चार सेकंद. त्या चार सेकंदांत नटी चपला हातात घेऊन (वाजू नयेत म्हणून) केबल ओलांडत पळतेय, फ्लोअर मॅनेजर तिला ढकलतोय, आणि प्रेक्षकाला काय दिसतंय? उकळणारा चहा. किंवा दुसऱ्या माणसाचा चेहरा. ही चार सेकंदं आयत्या वेळी सुचत नाहीत, ती लिहावी लागतात. प्रोड्यूसर स्वतःच लेखक असेल तर ती संहितेतच असतात, आणि सईबाई स्वतः लिहीत. माझ्या मते त्यांच्या कामाचं सगळं मर्म इथे आहे. दोन माणसं, एक खोली, दारावरची घंटा, हातात एखादी वस्तू आणि त्या वस्तूमुळे सुरू झालेलं बोलणं.

'चष्मेबद्दूर'मधला चमको ही कपडे धुण्याची पावडर विकण्याचा प्रसंग आठवा. दीप्ती नवल दार वाजवते, फारुख शेख उघडतो. एक बादली, एक मळका टॉवेल, फेस. प्रेम जमतं ते धुण्याच्या प्रात्यक्षिकात! दोघांच्या हातांना सतत काहीतरी काम आहे, त्यामुळे संवाद 'म्हटल्यासारखे' वाटत नाहीत. असा प्रसंग कुठल्याही टीव्ही स्टुडिओत दोन कॅमेऱ्यांवर होईल. आणि या सिनेमाचं मूळ खरंच टीव्हीवर होतं, 'धुआँ धुआँ' नावाचं. 'स्पर्श'चंही तसंच, ते आधी 'रैना बीती जाए' होतं.

जुनाट_अँटेना

ताई, लिहिलंय झकास, पण टीव्हीला जरा जास्तच श्रेय देताय. 'चष्मेबद्दूर'मधली दिल्ली कुठल्या स्टुडिओत मावणार? तालकटोरा बाग, मोटरसायकल, मित्रांच्या थापांमधली ती हिंदी गाण्यांची टर. हे मोकळं हुंदडणं स्टुडिओत बसून येत नाही. शिवाय मधे त्यांनी बालचित्र समितीसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' केले, ते विसरू नका.

एक भर: मुंबई केंद्रावरच्या बायकांचाही उल्लेख करा. 'चिमणराव' ही मालिका विजया जोगळेकर-धुमाळे यांची. विजयाबाई मेहतांचं 'स्मृतिचित्रे', सुहास जोशी लक्ष्मीबाई टिळकांच्या भूमिकेत. आमच्या घरी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून मुंबईचं चित्र यायचं, वारा सुटला की मला गच्चीवर पिटाळत.

फ्लोअरवाली

अँटेनाबुवा, हुंदडणं मान्य. थापांची गाणी ही निखळ सिनेमाची चैन आहे, आणि इतकी वर्षं तीन भिंतींत काढलेल्या बाईनं ती मनसोक्त केली यात नवल नाही. पण हुंदडून झाल्यावर तिघं परत येतात ते त्या एका खोलीतच ना? 'कथा' तर अख्खी चाळ. मूळ स. गो. साठ्यांचं नाटक 'ससा आणि कासव'. शेजारी काय बोलतोय हे भिंतीतून ऐकू येतं.

वाचनवेडी, पुढचा काळ विसरू नका. १९८४ पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिका आल्या, तेव्हा 'अडोस पडोस', मग 'छोटे बडे' घेऊन त्या परतल्या. आता नोकर म्हणून नाही, बाहेरच्या निर्मात्या म्हणून. दोन्हींत फरक किती! नोकरीत पगार चालू राहतो आणि फाइल अडते. बाहेर फाइल अडली की पगारही अडतो. २००६ च्या पद्मभूषणाचा उल्लेख शेवटी येऊ दे, सुरुवातीला नको, नाहीतर भाषण सत्कारासारखं वाटतं.

वाचनवेडी_सातारा

बाप रे, केवढं मिळालं! आता असं करते: आधी चपला हातात घेऊन पळणारी नटी, मग चमकोचा प्रसंग दाखवून त्यातल्या वस्तू मोजायला लावायच्या, मग १९७२, शेवटी प्रायोजित मालिका. 'स्पर्श'मधलं काही दाखवू का? वेळ फार नाही उरत.

फ्लोअरवाली

दाखवाच. नसीरुद्दीन डॉक्टरकडे निघालेला असतो, वाटेत गाणं कानावर पडतं आणि तो आवाजाच्या मागे जात शबानाच्या दाराशी पोचतो, तेवढाच. अंध माणूस नायक, म्हणून ओळखसुद्धा कानानं होते. रेडिओवाली बाई इथे दिसते. या एका प्रसंगासाठी पुणे आकाशवाणी सांगा, म्हणजे ती माहिती नुसती लटकत राहणार नाही.

आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर भिस्त ठेवू नका. गणपती मंडळाचा एखादा बरा स्पीकर मागून आणा, आदल्या दिवशी जोडून बघा, आणि हॉलमधले पंखे त्या तीन मिनिटांपुरते बंद करायला कुणाला तरी बटणापाशी उभं करा. तो तुमचा फ्लोअर मॅनेजर.

खडीसाखर

पंखे बंद केले की पुढच्या रांगेतले काका उठणार. त्यांनाच बटणापाशी उभं करा.